आयरे मॅडमची आर

आमच्या कॉलेजात 'माहीत नाही' असं भर वर्गात सांगणारी एकच शिक्षिका होती, आणि नेमकी तीच कायम नव्हती. आम्ही कायम असलेले सगळे सर्वज्ञ. कुणी काही विचारलं की उचलली जीभ लावली टाळ्याला. कुमुद आयरे मात्र हातातला खडू टेबलावर ठेवायच्या, 'माहीत नाही, उद्या सांगते,' म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायच्या. मुलांना याची सवय नव्हती. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं, मॅडमना काही येत नाही.

१९९८ च्या जूनमध्ये त्या रत्नागिरीत आल्या. वय चाळिशीच्या अलीकडचं, अंगानं बारीक, आवाज खणखणीत. मी गणित शिकवायचो, त्या संख्याशास्त्र. आमच्या दोन विभागांच्या मधे प्लायवूडची भिंत होती आणि तिच्यातून शिंकसुद्धा पलीकडे जायची. त्यामुळे मी त्यांना पाहिलं त्याहून जास्त ऐकलं आहे. त्यांची नेमणूक तासिका तत्त्वावर होती. जूनमध्ये आदेश, परीक्षा आटोपल्या की मोकळीक, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. घरी राजापूरला म्हातारे वडील आणि आंब्याची थोडी कलमं. त्या कलमांवर दोघांचं भागत नव्हतं. मॅडमना ही नोकरी हवी होती आणि कायमची हवी होती. हे त्यांनी कधी लपवलं नाही.

'मला इथं चिकटायचंय सर,' पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, 'पण वर्गच राहिला नाही तर चिकटू कशाला?'

वर्ग म्हणजे बी.एस्सी.चा संख्याशास्त्राचा वर्ग. मुलं थोडी, पुस्तकं जुनी, कायम शिक्षक निवृत्त झालेला. विद्यापीठाची समिती येणार आणि वर्ग ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार, अशी हूल दरवर्षी उठायची. ती उठली की मॅडम जेवायच्या नाहीत. डबा उघडायच्या, बघायच्या आणि झाकण लावायच्या.

स्वभावानं गोड होत्या असं म्हणवत नाही. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. स्टाफरूममध्ये कुणी 'साधारण अर्ध्या तासात येतो' म्हटलं की यांचा प्रश्न तयार, 'साधारण म्हणजे? विसाव्या मिनिटाला आलात तर चालेल की पन्नासाव्या?' आमचे इतिहासाचे दामले सर त्यांच्या समोर वेळ सांगायचेच बंद झाले होते. नुसते उठून जायचे. चहा त्या पार गार करून प्यायच्या आणि कधी खुर्चीत बसून प्यायच्या नाहीत. खिडकीशी उभ्या राहायच्या. बसा म्हटलं तर म्हणायच्या, 'परीक्षेपर्यंतची खुर्ची. सवय कशाला लावून घेऊ?' हे हसत म्हणत नव्हत्या, म्हणून आम्हालाही हसता यायचं नाही.

दुसऱ्या वर्षी त्या पुण्याला उजळणी वर्गाला गेल्या आणि येताना काही फ्लॉपी घेऊन आल्या. त्यांच्यावर पेननं फक्त एक इंग्रजी अक्षर लिहिलेलं होतं, आर. आमच्या हवेत फ्लॉपीला बुरशी धरते, म्हणून त्या त्यांनी भाड्याच्या खोलीत तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या. कॉलेजात आणताना रुमालात गुंडाळून आणायच्या. संगणक कक्षाचं कुलूप उघडणारा आमचा शिपाई पाष्टे. त्यानं विचारलं, 'ह्या काय हाय मॅडम?'

'आर,' मॅडम म्हणाल्या.

'आर? पराणीला आसते ती?'

बैल हाकायच्या काठीच्या टोकाला जो लोखंडी खिळा असतो, त्याला आर म्हणतात. मॅडम म्हणाल्या, 'तीच. चालत नाही त्याला टोचायची.' दुसऱ्या दिवसापासून कॉलेजभर त्यांचं नाव 'आर मॅडम' झालं. आयरेचं आर व्हायला तसाही वेळ लागला नसता.

त्या आरची सगळी कुळकथा मी भिंतीपलीकडून ऐकली. माझा तास चालू असायचा आणि माझी मुलं इंटिग्रेशन सोडून तिकडे कान लावून बसायची. मॅडम सांगत होत्या, अमेरिकेत एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत आकडेमोडीसाठी एक भाषा केली होती, तिचं नाव एस. चांगली होती, पण पैसेवाल्यांची होती. मग तिकडे न्यूझीलंडमध्ये एका विद्यापीठातले दोन शिक्षक, त्यांच्या कक्षातली यंत्रं लहान, मुलांना शिकवायला साधन नाही. 'आपल्यासारखंच,' मॅडम म्हणाल्या. त्या दोघांनी शिकवायला म्हणून स्वतःच एक भाषा रचली. एसच्या अलीकडचं अक्षर आर, आणि दोघांच्या नावांची सुरुवातही त्याच अक्षरानं, म्हणून नाव आर. पुढे स्वित्झर्लंडच्या एका माणसानं त्यांच्या मागे लकडा लावला की ही सगळ्यांना मोकळी करा. त्यांनी केली. अट एकच. कुणीही घ्यावी, आतलं सगळं उघडून बघावं, सुधारावं, पण पुढच्याला देताना तशीच मोकळी द्यावी. आता जगभरातली माणसं तिच्यातल्या चुका शोधून कळवतात आणि एक लहानसा गट त्या दुरुस्त करतो.

'मग त्यांना काय मिळतं मॅडम?' एक मुलगी म्हणाली. आवाजावरून स्नेहल शिवलकर.

'माहीत नाही,' मॅडम म्हणाल्या. ते उत्तर मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी दिलं नाही.

२००० सालच्या एकोणतीस फेब्रुवारीला आरची पहिली पूर्ण आवृत्ती, १.०.०, निघाली. शतकाचं वर्ष असूनही ते लीप वर्ष होतं आणि त्या तारखेला भलेभले संगणक गडबडतील अशी भीती होती. नेमकी तीच तारीख निवडली याचं मॅडमना कोण कौतुक. त्यांना बातमी सायबर कॅफेत काही दिवसांनी कळली. त्या राजापूरहून काजूची वडी घेऊन आल्या आणि स्टाफरूममध्ये वाटली. 'कुणाचं काय?' दामले सरांनी विचारलं. 'एक-शून्य-शून्य झालं,' मॅडम म्हणाल्या. सरांनी वडी खाल्ली आणि बाहेर जाऊन मला विचारलं, 'बाईंचं लग्न ठरलं का हो?'

आरवाल्यांचं एक टपालमंडळ होतं. ई-मेलनं प्रश्न विचारायचा, जगातून कुणीतरी उत्तर देतं. मॅडमनी एकदा प्रश्न पाठवला. आपल्याकडे अर्ज लिहितात तसा, साष्टांग नमस्कार विनंती विशेष या थाटाचा, इंग्रजीत. कॉलेजची ओळख, स्वतःची ओळख, तसदीबद्दल क्षमा, मग प्रश्न, मग पुन्हा क्षमा. उत्तर एका ओळीचं आलं, अमुक पान वाचा. नमस्कार नाही, नाव नाही. मॅडमचा आठवडाभर जळफळाट. 'माणूस आहे की पाटी?' त्या मला म्हणाल्या. मग ते पान वाचलं. उत्तर तिथंच होतं. त्यानंतर त्यांच्याकडे शंका घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच प्रश्न असायचा, 'पान वाचलंस?' वाचलं नसेल तर तसंच परत पाठवायच्या. ही खोड त्यांनी उसनी घेतली होती आणि मला ती कधीच आवडली नाही.

आरबरोबर आमच्या कक्षात एक दुसरंही पॅकेज होतं. महागडं, सुबक, माऊसनं चालणारं. कुणाच्या तरी भाच्यानं मुंबईहून सीडी आणून घातलेलं. बिल नाही, परवाना नाही. प्राचार्यांचा त्याच्यावर जीव. पाहुणे आले की ते उघडून दाखवायचे.

आता पावसाची गोष्ट. कॉलेजच्या गच्चीवर पर्जन्यमापक होता. पाष्टे रोज सकाळी वर जाऊन पाणी मोजायचा आणि वहीत आकडा लिहायचा. एका जुलैत असा पाऊस कोसळला की बाजारपेठेत पाणी शिरलं, रस्ते बंद, कॉलेज बंद, पाष्टे त्याच्या वाडीत अडकलेला. परत आल्यावर त्या दिवसांपुढे, 'पाऊस' या रकान्यात, त्यानं इमानदारीत लिहिलं, 'नाही.' मुलांनी पॅकेजात आकडे भरताना 'नाही'चं शून्य केलं. पॅकेजनं मुकाट्यानं सरासरी काढून दिली आणि वार्षिकांकासाठी मजकूर तयार झाला की जुलैमध्ये यंदा पाऊस बेताचाच होता. घरात चिखल काढून ज्यांची कंबर मोडली होती, त्यांच्याच मुलांनी तो लिहिला होता.

मॅडमनी पाष्टेला बोलावलं. 'ज्या दिवशी गाव बुडालं त्या दिवशी पाऊस नाही?'

'नाय ओ मॅडम,' पाष्टे कावराबावरा झाला, 'मी नाय म्हनजे मोजला नाय असां लिवलंय. पाऊस नाय असां कोन म्हनतां?'

मॅडम हसल्या. त्या फार क्वचित हसायच्या. मग वर्गात गेल्या आणि मी भिंतीला कान लावला. 'चूक पाष्टेंची नाही, तुमचीही नाही,' त्या सांगत होत्या. 'आपल्या भाषेत नाही दोन प्रकारचे आहेत आणि दोन्हींना शब्द एकच. एक नाही म्हणजे शून्य. बघितलं, आणि नव्हतं. दुसरं नाही म्हणजे कुणी बघितलंच नाही. आरमध्ये या दुसऱ्याला वेगळी खूण आहे, एनए. आकड्यांत एक जरी एनए असलं तरी सरासरी विचारल्यावर ती एनए म्हणूनच सांगते. खोटं बोलत नाही.' मुलं त्या खुणेला 'ना' म्हणायला लागली. वार्षिकांकातला मजकूर मॅडमनी काढायला लावला. पानं जुळलेली होती, ती पुन्हा करावी लागली. प्राचार्य त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले.

आणि मग समिती खरोखरच आली.

आदल्या दिवशी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. शेजारचा विभाग म्हणून मलाही. 'मॅडम, उद्या पॅकेज दाखवायचं,' ते म्हणाले. 'ती तुमची आर नको. फुकट ते पौष्टिक हे घरी ठीक आहे, समितीसमोर नाही. उघडल्या उघडल्या ती पडद्यावर लिहिते, कसलीही हमी नाही. बरं दिसतं का ते?'

'माझ्या नेमणुकीच्या आदेशावर हेच लिहिलेलं असतं सर,' मॅडम म्हणाल्या.

प्राचार्यांनी समोरची फाईल मिटली. मग आवाज उतरवून म्हणाले, 'वर्ग राहिला तर कायम पद येणार. तुमचं नाव मी वर पाठवणार आहे. एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.' बाहेर आल्यावर जिन्यात मॅडमनी कठडा धरला. 'पॅकेज आपलं नाही सर,' त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, 'उद्याचा एक दिवस आहे. दाखवून टाका.' त्या कठडा सोडून खाली उतरल्या.

समितीत तीन माणसं होती. बोलायचं काम सफारीतले एक गृहस्थ करत होते. अध्यक्ष वयस्कर, संख्याशास्त्रातले, चष्मा कपाळावर आणि तोंड मिटलेलं. संगणक कक्षात आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे. वीज गेलेली, जनरेटरवर संगणक तरी चालू राहावेत म्हणून पंखा बंद. मॅडम यंत्रासमोर बसल्या. त्यांच्यामागे प्राचार्य. मॅडमनी आर उघडली.

पडद्यावर निवेदन आलं. सफारीवाल्यांनी ते मोठ्यानं वाचलं, 'कसलीही हमी नाही. वा.' मॅडमनी जुलैचे आकडे घेतले आणि सरासरी विचारली. खाली उत्तर आलं, एनए.

'हे काय?'

'माहीत नाही,' मॅडम म्हणाल्या.

'तुम्हाला माहीत नाही?'

'यंत्राला माहीत नाही, असं ते सांगतंय. आणि मलाही नाही. काही दिवस मापन झालेलं नाही.'

सफारीवाले हसले. 'अहो, मग ते दिवस गाळा की. एवढंही येत नाही तिला?'

'येतं. पण गाळ म्हणून मी सांगायचं, तिनं परस्पर गाळायचं नाही.' मॅडमनी ओळ बदलून दाखवली, आकडा आला. 'आणि हा आकडाही कमी आहे. मोजलं नाही ते दिवस सगळ्यात मोठ्या पावसाचे होते. पाऊस मोठा, म्हणूनच माणूस पोचला नाही. ते गाळले की उरतो तो बरा पाऊस.'

अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. पहिल्यांदाच बोलले. 'हे मुलांना शिकवता?'

'हो.'

'आणि हिचे पैसे?'

'नाहीत.'

'दुसरं काही आहे कक्षात?'

आता प्राचार्य पुढे झाले. पॅकेजचं नाव घेऊन म्हणाले, 'आहे ना, अद्ययावत आहे. मुलं त्याच्यावरही काम करतात.' अध्यक्षांनी सहज विचारावं तसं विचारलं, 'परवाना वगैरे?' प्राचार्य मॅडमकडे वळले. 'आयरे मॅडम, बिल ऑफिसात आहे ना? की तुम्हाला माहीत नाही?'

वाट करून दिली होती. रोज म्हणतात तेच दोन शब्द म्हणायचे होते. कुणाला संशय आला नसता, आणि प्राचार्यांनी ते शब्द त्यांच्या तोंडाशी आणून ठेवले होते. मी मनातल्या मनात म्हटलं, म्हण गो बाई, म्हण.

मॅडमनी खुर्ची मागे सरकवली आणि उभ्या राहिल्या.

'मला माहीत आहे,' त्या म्हणाल्या. 'बिल नाही. बघितलं नाही असं नव्हे सर. बघितलं, आणि नाही.'

दाराशी उभ्या असलेल्या मुलांना ते कळलं. पाष्टेलाही कळलं. त्यानं मान खाली घातली. मला इतकी भीती वाटली की मी खिडकीबाहेर बघत राहिलो. अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि 'चला, ग्रंथालय बघू,' म्हणून निघाले.

वर्ग राहिला. अहवालात लिहिलं होतं की मोफत साधनांवर इथं उत्तम काम चालतं, विनापरवाना पॅकेज तातडीनं काढावं, आणि पात्र कायम शिक्षक नेमावा. पात्र म्हणजे सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण. मॅडमनी सेट दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा थोडक्यात गेली होती. सवलत मागता आली असती, त्यासाठी प्राचार्यांची शिफारस लागत होती. ती गेली नाही. का गेली नाही हे विचारायला मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो, तर मला नुसता चहा मिळाला. पदाची जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या आणि नेमणूक झाली स्नेहल शिवलकरची. तीच, भिंतीपलीकडून प्रश्न विचारणारी. मधल्या काळात एम.एस्सी. करून पहिल्या फटक्यात सेट झाली होती. हुशार मुलगी, तिला नावं ठेवायला जागा नव्हती. म्हणून जास्तच चीड आली.

मॅडमनी कुणाला काही म्हटलं नाही. मी एकदा छेडलं, 'राग येत नाही का हो?' तर म्हणाल्या, 'येतो. झोप लागत नाही इतका येतो. तुम्हाला काय वाटलं?' आणि खिडकीकडे वळल्या.

राजापूरला एका ज्युनिअर कॉलेजात अर्धवेळ काम मिळालं. निघाल्या त्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो. सामान फारसं नव्हतं. राजापूर गाडी लागलेली होती आणि मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. आम्ही काहीतरी आंब्यांच्या मोहराबद्दल बोलत होतो, तेवढ्यात स्नेहल धावत आली. घामाघूम, हातात छापील कागदांचा गठ्ठा. मला वाटलं निरोप द्यायला आली असेल.

'मॅडम, उद्या प्रॅक्टिकलची परीक्षा आहे,' ती खिडकीखालून म्हणाली. 'कक्षात आरची नवी आवृत्ती घातली, तर गेल्या वर्षीच्या ओळी चालतच नाहीत. सगळ्या चुका दाखवतेय. बाहेरून परीक्षक येणारेत. माझी पहिलीच परीक्षा आहे.'

मॅडम समोर बघत राहिल्या. 'पान वाचलंस?'

'वाचलं. दोनदा. नाही कळलं.'

'मग माझ्याकडे कशाला आलीस? कायम तू आहेस.'

स्नेहलचा चेहरा पडला. ती जागची हलली नाही. कंडक्टर चढला, दार आपटलं, डबल बेल झाली आणि गाडी मागे येऊन वळली. मी हात हलवला. मॅडमनी हलवला नाही. गाडी स्टँडच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथं थांबली. आधी एक पिशवी खाली आली, मग छत्री, मग मॅडम. कंडक्टर वरून ओरडत होता, 'ओ बाई, तिकीट काढलंव ना?' त्यांनी मागे बघितलं नाही. चालत परत आल्या, फलाटावरच्या बाकावर बसल्या आणि स्नेहलपुढे हात केला. तिनं कागद दिले.

'पुढची गाडी कितीला हो सर?' मला विचारलं.

मी सांगितलं. दोन चहा आणून बाकावर ठेवले आणि तिथं माझं काही काम नव्हतं म्हणून निघालो. कोपऱ्यावरून वळून पाहिलं, तर स्नेहल पदरात तोंड खुपसून रडत होती. मॅडम गुडघ्यावर कागद घेऊन पेननं खोडत होत्या. त्यांचा तो खणखणीत आवाज फलाट ओलांडून माझ्यापर्यंत आला, 'रडून झालं की ही तिसरी ओळ बघ.'